सहा महिने ते तीन वर्षं: बाळ कोणाकडे आणि नोकरी कुठे?

सायली_विश्रामबाग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं. विषय आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे, म्हणून इथे मांडते.

मी सांगलीची. बी.कॉम. झाले, टॅली आणि जीएसटीचं काम शिकले आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सात वर्षं अकाउंट्सला होते. लग्नानंतरही नोकरी चालू राहिली, सासरी कुणी आडकाठी केली नाही. मुलगी झाली. रजा पूर्ण मिळाली, पगारी मिळाली. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही. बाळंतपणात बाईची नोकरी जाते असं ऐकत आले होते, ती वेळ टळली म्हणून मी निर्धास्त होते. माझी नोकरी गेली ती मुलगी अकरा महिन्यांची असताना.

२०१७ साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. माझे पाय फार सुजायचे म्हणून मी ६ आधीच घेतले. परत रुजू झाले तेव्हा मुलगी साडेचार महिन्यांची. अंगणवाडीत मूल बसायला लागतं तीन वर्षांचं झाल्यावर. त्याआधी तिथून घरी आहार मिळतो, लसीकरणाची आठवण होते, पण मूल कोणी सांभाळत नाही. आमच्या भागातल्या नर्सरीतही अडीच वर्षं पूर्ण लागतात. मग मधली अडीच वर्षं मूल कोणाकडे ठेवायचं? कायद्याने रजेचा विचार केला, शाळेचाही झाला. या मधल्या काळाचं कोणीच काही बोलत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या जवळपास सगळ्या बायकांचं काम तिथेच सुटलं.

माझं असं झालं. सुरुवातीला सासूबाईंनी सांभाळलं. मग त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. आई कवठेमहांकाळला, तिकडे भावजयीचं बाळंतपण. पाळणाघर सहाला बंद व्हायचं. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीचे रिटर्न असतात, त्या दिवसांत मला आठ वाजायचे. चार महिने शेजारच्या काकूंच्या भरवशावर काढले. दूध साठून अंगावर ताप यायचा, बाथरूममध्ये जाऊन पिळून टाकायचे. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीखेरीज आणखी दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मलाही माहीत नव्हतं. साहेबांनी राजीनामा कधी मागितला नाही. माझ्याकडची कामं एकेक करून दुसऱ्याच्या टेबलावर गेली, आणि एक दिवस मीच कागद लिहून दिला.

आता मुलगी चार वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी एका कर सल्लागारांकडे लागले. सोडताना पगार १९ हजार होता, आता ११ हजार आहे. मुलाखतीत सात वर्षांचा अनुभव कोणी मोजला नाही, मधली तीन वर्षं मात्र मोजली.

आईने नोकरी करावी की करू नये, हा माझा प्रश्न नाही. त्यावर खूप बोलून झालंय. मला विचारायचंय ते एवढंच: ती अडीच वर्षं तुम्ही कशी काढलीत?

—

कृष्णाकाठ

ताई, तुमची ओढाताण समजते. पण थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. आम्ही कराडचे. माझी पत्नी एका पतसंस्थेत होती, सहा वर्षं. मुलगा झाल्यावर दोघांनी बसून विचार केला आणि तिने नोकरी सोडली. पहिली तीन वर्षं मुलाला आई लागतेच. मुलगा आज आठवीत आहे, अभ्यासात चांगला आहे. सगळंच पैशात मोजायचं का, एवढंच माझं म्हणणं.

—

सायली_विश्रामबाग

दादा, राग कशाचा. वहिनींनी मनापासून ठरवलं असेल तर त्यात चूक काहीच नाही. फक्त एक विचारते. मुलाला आई लागते त्या तीन वर्षांची किंमत आईने पुढची तीस वर्षं का भरायची? वहिनी परत कामाला लागल्या का?

—

द्राक्षवेल

ताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मी सावळजकडची, तासगाव तालुका. आमच्यात रजा हा शब्दच नाही. पण ते अडीच वर्षांचं तुम्ही म्हणताय ते अगदी खरं आहे.

आमच्याकडं फळछाटणीनंतर द्राक्षाच्या बागेत बायकांच्या टोळ्या लागतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, सगळं हातानं करायचं काम. पुष्कळदा एकरावर उक्तं घेतात आणि पैसे सगळ्यांत सारखे वाटतात. आता ज्या बाईचं मूल अंगावर आहे तिचा हात मागं राहतो. पाजायला उठायचं, रडलं की बघायचं, मांडवाच्या तारेला झोळी बांधलेली असते तिकडं सारखं लक्ष. बाकीच्या बायका तोंडावर काही बोलत नाहीत, त्याही यातूनच गेलेल्या असतात. पण पुढच्या छाटणीला टोळीचा फोन तिला येत नाही. त्या बायकांचा दोष मी कसा काढू? त्यांचीही मजुरी त्यातच अडकलेली असते.

मग ती बाई घरच्या बागेत राबते. काम तेवढंच किंवा जास्तच. मजुरी नाही. माझं स्वतःचं पाच वर्षं असंच गेलं. थोरलीच्या वेळी एकदा ब्लोअरनं औषध मारायला सुरुवात झाली आणि पोरगी झोळीत होती. मी तिला काखोटीला मारून बांधापर्यंत पळाले, चप्पल बागेतच राहिली. त्या दिवशी ठरवलं की पोरीला बागेत आणायचं नाही. मग तिला ठेवायचं कुठं? सासूबाई होत्या शेळ्यांमागं. अंगणवाडीच्या बाई चांगल्या आहेत, पण दोन वर्षांच्या मुलाला त्यांनी दिवसभर कसं धरून बसावं? त्यांच्यामागं रजिस्टरं, वजनं, पोषण आहार, सगळंच.

आमच्या घरी जनगणनेवाले, सर्व्हेवाले आले की मालक सांगतात, "बायको घरीच असते." मी बागेतनं येऊन त्यांना चहा करून दिलेला असतो.

—

अर्थविचार

द्राक्षवेल ताईंनी जे सांगितलं ते सरकारी आकड्यांशी ताडून बघण्यासारखं आहे, म्हणून लिहितो.

केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा कामातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. ग्रामीण भागात तर ४७.६. ऐकून बरं वाटतं. पण या काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ६७ टक्क्यांहून अधिक 'स्वयंरोजगारी' आहेत, आणि एकूण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के म्हणजे घरच्या शेतात किंवा धंद्यात विनामोबदला मदत करणाऱ्या. द्राक्षवेल ताई घरच्या बागेत राबत होत्या ती पाच वर्षं नीट विचारून नोंदवली गेली असती तर त्या सहभागात धरल्या गेल्या असत्या. हातात रुपया मात्र नव्हता. म्हणून 'सहभाग वाढला' हे वाक्य वाचताना पगाराचं काम किती वाढलं ते वेगळं विचारायला हवं.

दुसरा आकडा वेळेचा. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, घरकाम करणारे पुरुष ८८. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळण्यात स्त्रिया १३७ मिनिटं, पुरुष ७५. या दोन्हींची वेळ काढून उरलेल्यात नोकरी बसवायची आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल क्लॉडिया गोल्डिन यांना मिळालं. श्रीमंत देशांत आज स्त्री-पुरुषांच्या कमाईत जो फरक उरला आहे, त्यातला मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मापासून सुरू होतो, हे त्यांनी दाखवलं. डेन्मार्कच्या नोंदींवर २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. मूल होईपर्यंत नवरा-बायकोच्या कमाईची रेघ साधारण बरोबरीने चालते. मूल झालं की बाईची रेघ खाली येते आणि लांब पल्ल्यातही सुमारे २० टक्के खालीच राहते. बापाची रेघ जागची हलत नाही. डेन्मार्कमध्ये सरकारी पाळणाघरं आहेत, तरी ही गत. म्हणजे पाळणाघर झालं की सगळं सुटेल असंही नाही. पण सायलीताईंची अडचण त्याच्या बरीच अलीकडची आहे. इथे पहिली पायरीच नाही.

—

शिरवळ_नाका

मी शिरवळ भागातल्या एका कंपनीत एचआरला आहे. दुसऱ्या बाजूचं लिहितो, कारण ते कोणी लिहीत नाही आणि मलाही ते बरेच दिवस टोचतंय.

२६ आठवड्यांच्या रजेचा पगार सरकार देत नाही, मालक देतो. त्यामुळे नवीन लग्न झालेली मुलगी मुलाखतीला आली की समोरच्या टेबलावर एक न बोललेला हिशोब सुरू होतो. "मूल कधी?" असं थेट कोणी विचारत नाही. "घरी कोण कोण असतं?" असं विचारतात. मीही विचारलं आहे. त्याचं उत्तर ऐकून मी कागदावर काय लिहिलं हे मला माहीत आहे, आणि ते बरोबर नव्हतं.

यात एक गोष्ट मात्र मालकांनाही नीट माहीत नसते. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे आणि कंपनी ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विम्यात आहे, त्यांच्या रजेचे २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. मालक दरमहा सव्वातीन टक्के भरतो, कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात, एवढंच. सायलीताई, तुमचा पगार १९ हजार होता म्हणजे तुमची रजा बहुतेक तिथूनच आली असणार. म्हणजे कंपनीला तुमच्या रजेचा पगार पडलाच नाही. आपल्या सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या कारखान्यांत पॅकिंगला, असेंब्लीला ज्या मुली आहेत त्यातल्या बहुतेक याच पगारात आहेत. तरी "रजेचा बोजा" म्हणून त्यांनाच नाकारलं जातं.

दुसरं पाळणाघराचं. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, हे त्याच २०१७ च्या बदलात आहे. कामावर घेतानाच बाईला हे हक्क लेखी कळवायचे, हेही त्यात होतं. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी एक खोली आहे, भिंतीवर चित्रं आहेत, सांभाळणारी बाई नाही. कोणतीही आई तिथे मूल ठेवणार नाही, आणि मग "कोणी वापरत नाही" असा शेरा पडतो.

पण कायद्यात एक वाट मोकळी आहे. प्रत्येक कारखान्याने स्वतंत्र पाळणाघर काढायला पाहिजे असं नाही, सामाईक सोय चालते. कुपवाडला, मिरजेला, साताऱ्याला एमआयडीसीत शेजारी शेजारी कारखाने आहेत. दहा जणांनी मिळून एक चालवलं तर एकेकाचा खर्च किती येईल, याचा हिशोब मी खरंच मांडून बघतो.

—

सायली_विश्रामबाग

शिरवळ_नाका दादा, बरोबर. पैसे ईएसआयकडूनच खात्यावर आले होते. मी कायम "कंपनीने मला सांभाळून घेतलं" या ओझ्याखाली होते. कामं काढून घेतली तेव्हा गप्प बसले ते त्यामुळेच. हे आधी कळलं असतं तर कदाचित मी बोलले असते.

—

मिरजेचं_पाळणाघर

मी मिरजेत नऊ वर्षं पाळणाघर चालवते. तान्ही बाळं आम्ही का घेत नाही, असा प्रश्न मला रोज एक तरी आई विचारते. म्हणून हिशोबच मांडते.

माझ्याकडे १४ मुलं आहेत, सगळी दीड वर्षांच्या पुढची. महिन्याला ३,५०० घेते. झाले ४९ हजार. भाडं १२ हजार. दोन मदतनीस, ८-८ हजार. खाणंपिणं, वीज, पाणी, औषधपाणी मिळून ७ हजार. माझ्या हातात १४ हजार राहतात, त्यात माझे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात.

आता सहा महिन्यांची बाळं घ्यायची म्हटली तर एका बाईला तीन बाळं पुष्कळ झाली. चौथं दिलं तर तिच्या हातून चूक होणारच, आणि ती चूक मला आयुष्यभर झोपू देणार नाही. तीन बाळांचे १०,५००. बाईचे ८ हजार गेले. उरलेल्या अडीच हजारांत दुधाच्या बाटल्या उकळणं, दुपटी, वेगळी खोली. बसत नाही. फी सहा हजार केली तर बसतं. पण ११ हजार पगाराची सायली सहा हजार कुठून देणार? तिच्या घरचे म्हणणार, त्यापेक्षा घरीच बस. आणि हिशोबाने ते चुकीचंही नाही.

माझ्या मदतनिसांपैकी एकीचं स्वतःचं बाळ तिच्या जावेकडे असतं. मी तिला म्हटलं इकडे घेऊन ये. ती म्हणाली, "ताई, मग मी दुसऱ्याच्या पोराला कडेवर कसं घेऊ? माझं रडंल की."

म्हणून सांगते, हे आयांच्या आणि माझ्यासारख्यांच्या खिशातून होणारं काम नाही. शाळेला जसा सरकारचा हात आहे तसा इथे लागेल.

—

सातारची_आजी

पोरींनो, मी चौसष्ट वर्षांची, साताऱ्याची, निवृत्त शिक्षिका. तुम्ही सगळ्यांनी मधल्या अडीच वर्षांचं लिहिलंत, ती अडीच वर्षं कोण भरून काढतं ते मी सांगते.

सोमवारी पहाटे मी पुण्याची एसटी धरते, शुक्रवारी संध्याकाळी परत येते. बायकांना अर्धं तिकीट झालं २०२३ च्या मार्चपासून, तेवढा आधार. लेक आणि जावई दोघं नोकरीला, नातू चौदा महिन्यांचा. स्वारगेटला उतरलं की माझ्यासारख्या तीन-चार जणी रोजच्याच दिसतात. एक वाईची आहे, एक कोरेगावची. सगळ्यांच्या हातात पिशवी, पिशवीत नातवंडासाठी काहीतरी. आम्ही एकमेकींना गुडघ्यांचं विचारतो.

नातवाचा लळा आहे, त्यात खोटं नाही. पण माझे यजमान इकडे एकटे जेवतात. माझं भजनी मंडळ सुटलं. दर मंगळवारी पेटी वाजवायचे मी.

एक गोष्ट आजवर कोणाला बोलले नाही. माझी मुलगी झाली तेव्हा तीन महिन्यांच्या रजेनंतर मी शाळेत हजर झाले. तीस वर्षं नोकरी केली, मुख्याध्यापिका झाले, सत्कार झाला, निवृत्तिवेतन मिळतं. सत्काराच्या भाषणात मी गुरुजनांचे, संस्थेचे आभार मानले. माझी नोकरी माझ्या सासूबाईंनी टिकवली होती. दोन मुलं त्यांनी त्यांच्या पदराखाली वाढवली. माझ्या पगारातला एक रुपया मी कधी त्यांच्या हातावर "हा तुमचा" म्हणून ठेवला नाही. त्या सत्काराला पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

आणि पुढचं बघा. माझी सून आज पस्तीस वर्षांची, बँकेत आहे. तिला नातवंड होईल तेव्हा ती नोकरीतच असेल. तेव्हा पहाटेची एसटी कोण धरणार? आजीच्या जिवावर ही गोष्ट आणखी एक पिढीसुद्धा चालणार नाही.

—

तासिका_सातारा

आजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

मी साताऱ्यात तासिका तत्त्वावर शिकवते. मला रजा मागितल्यावर सांगण्यात आलं, "तास घेतले तर पैसे, रजा कसली?" बाळंतपण पहिल्या सत्रात आलं, दुसऱ्या सत्रात माझे तास दुसऱ्यांना दिले होते. माझ्यासारख्या कंत्राटी, रोजंदारी बहिणींसाठी दोन निकाल इथे लिहून ठेवते. २००० साली दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या कामगार स्त्रियांना प्रसूती लाभ मिळालेच पाहिजेत असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव प्रकरणात, कंत्राटाची मुदत रजेच्या मधेच संपली तरी लाभ पूर्ण मुदतीचा मिळतो, असं म्हटलं. रजेचा अर्ज देताना याची प्रत जोडा. मला कळलं तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा झाला होता.

—

माणदेशी

आम्ही म्हसवडच्या. इकडं बायकांनी वेगळा रस्ता धरला, मूल सोडून कामाला जाता येत नाही तर काम मुलापाशी आणायचं. शिलाई मशीन, शेळ्या, गिरणी, शेवया, बांगड्यांचा व्यापार. इथं १९९७ ला चेतना सिन्हांनी बायकांची माणदेशी महिला बँक उभी केली, रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता कारण सभासद बायकांना सही येत नव्हती. बायका शिकल्या आणि परवाना आणला. माझी पहिली मशीन कर्जावरच घेतलेली.

त्यामुळं आमच्यात "काम सुटलं" असं कमी होतं. पण जे होतं तेही सांगते. मूल झोपलं की मशीन चालू, उठलं की बंद. दिवसाचे तीन ब्लाऊज शिवणारी बाई एकावर येते. मग राहिलेले रात्री अकरानंतर. लग्नसराईची मोठी ऑर्डर घेता येत नाही, कारण तारखेला देता येईल याची खात्री नाही. धंदा बंद पडत नाही, पण वाढतही नाही. ज्या बायकांचं मूल शाळेत गेलं त्यांनीच दुसरी मशीन घेतली, हे मी आमच्या आळीत मोजून बघितलंय. घरात बसून काम म्हणजे मूल सांभाळण्याचा प्रश्न सुटला असं नाही. तो रात्रीच्या झोपेत गेला.

—

वाळव्याचा_शेतकरी

ऊसतोडीचं राहिलं म्हणून लिहितो. दरवर्षी गळीत सुरू झालं की आमच्या भागात बीडकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ रक्कमही कोयत्याला. बाईची वेगळी मजुरी कुठेच लिहिलेली नसते. कामाचा दिवस चुकला तर खाडा कापतात, मग बाळंतीण बाईही पाचटात उभी राहते. आमच्या शेतात गेल्या हंगामात दीड महिन्याचं पोर उसाच्या सावलीत चोळीच्या कापडावर ठेवलेलं मी बघितलं. खाड्याच्या धाकानं कोवळ्या वयात गर्भपिशवी काढून घेतलेल्या बायकांचा विषय २०१९ ला विधिमंडळात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. थोडी मोठी मुलं साखरशाळेत बसतात, जिथं असेल तिथं. तान्ह्याचं काय, हे आम्ही शेतकऱ्यांनीही कधी विचारलं नाही. आमचा ऊस वेळेत जावा एवढंच बघितलं.

तासगावच्या विसापूरचे वि. स. पागे, महाराष्ट्रातल्या रोजगार हमी योजनेचे जनक. पुढं २००५ ला देशभर रोजगार हमीचा कायदा आला, त्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची, अशी तरतूद होती. म्हणजे मूल सांभाळणं हे मजुरीचं काम आहे, हे सरकारनं कागदावर तरी मान्य केलेलं आहे. ऊसतोडीत ते का होऊ नये?

—

गणपती_पेठ

मी एका बापाचं उदाहरण देतो. बायको मिरजेत नर्स, तिची ड्यूटी सारखी बदलते. माझं दुकान स्वतःचं. म्हणून मुलगा सहा महिन्यांचा झाल्यापासून दुकानात माझ्याजवळ होता. गल्ल्यामागे गादी, वर पंखा. पहिले दोन महिने गिऱ्हाईक विचारायचं, "वहिनी आजारी आहेत का?" नंतर विचारणं बंद झालं आणि पेठेतले हमाल त्याला खेळवायला लागले. बायकोची नोकरी टिकली, आता ती सीनियर झाली.

पण मी मालक होतो म्हणून जमलं. माझा भाऊ खाजगी नोकरीत आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा आहे, खाजगीत कायद्याने एक दिवसही नाही. त्याने बाळ झाल्यावर चार दिवस बिनपगारी काढले. त्याला मूल सांभाळायचं नव्हतं असं नाही.

—

कृष्णाकाठ

सायलीताई, तुम्ही विचारलं होतं, वहिनी परत कामाला लागल्या का. उत्तर द्यायला चार दिवस घेतले.

तिला धागा वाचायला दिला. तिने सगळा वाचला, विशेषतः आजींचं दोनदा. मग म्हणाली, "आपण दोघांनी बसून विचार केला असं तुम्ही लिहिलंय. आपण बसलो होतो खरं. पण तुम्ही सोडायची का, हे त्या दिवशी कुणी बोललंच नाही." हे खरं आहे. ते माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते, मला माहीत नव्हतं. दोन्हीकडे संगणकावरची नवीन प्रणाली येते का, असं विचारलं. तिच्या वेळी खतावणी हाताने होती.

आणखी एक. नोकरी सोडल्यावर तिचा पीएफ काढला, तो आम्ही घराच्या स्लॅबला घातला. घर वडिलांच्या नावावर आहे. चौदा वर्षं त्याच स्लॅबखाली राहतो, पण हा हिशोब मी काल पहिल्यांदा केला. मी वर जे लिहिलं होतं, सगळंच पैशात मोजायचं का, ते मागे घेतो. तिचं मोजलंच गेलं नव्हतं.

ती आता जीएसटीचं काम शिकायचं म्हणतेय. सायलीताई, कुठून सुरुवात करावी ते तिला सांगाल का?

—

सायली_विश्रामबाग

दादा, वहिनींचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. शिकवते मीच, रविवारी फोनवर. तीन महिन्यांत रिटर्न भरायला लागतील, पतसंस्थेचा हात आहे त्यांचा.

बाकी सगळ्यांना सांगते. मी थोडी शोधाशोध केली. केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याचे २६ दिवस, सांभाळायला स्वतंत्र सेविका आणि मदतनीस. म्हणजे आपण ज्या अडीच वर्षांबद्दल बोलतोय ती यात येतात. खर्च केंद्र आणि राज्य मिळून उचलतात. साडेसात तासांत कारखान्याची पाळी पूर्ण बसत नाही, हे खरं. पण बागेतल्या टोळीचं काम बसतं, पाळणाघर ताईंचा तान्ह्या बाळांचा हिशोबही बसतो.

शिरवळ_नाका दादांनी सामाईक पाळणाघराचा खर्च काढून पाठवलाय, तो कुपवाडच्या उद्योजकांच्या बैठकीत मांडायला माझ्या जुन्या साहेबांनाच विचारलं. हो म्हणालेत. मिरजेच्या ताई, त्या दिवशी तुम्ही याल का? तीन बाळांमागे एक बाई हे तुमच्या तोंडून ऐकलं तर पटेल.

—

मिरजेचं_पाळणाघर

येते. वही घेऊन येते, नऊ वर्षांची आहे.

—

द्राक्षवेल

सायलीताई, तुमचं वाचून काल अंगणवाडीच्या बाईंना विचारलं. योजना त्यांनी ऐकली आहे, मागणी गावातनं आली पाहिजे म्हणाल्या. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज मी आणि माझ्या जावेनं लिहिलाय. टोळीतल्या सतरा बायकांनी सह्या केल्या. ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनीही केल्या. शाळेची जुनी खोली रिकामी आहे, पत्रे दोन गळतात, ते मालक बसवून देतो म्हणालेत. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं आमच्या वाडीत किती, ते घरोघर फिरून मोजलं. तेवीस निघाली. फळछाटणी दसऱ्याच्या आसपास सुरू होईल. त्याच्या आत व्हायला पाहिजे.